यूडीआरपी: डोमेनच्या वादातील लवादसेवा, टीका करणाऱ्या ग्राहकाच्या बाजूने पाहिलेली

एखाद्या कंपनीच्या सेवेने मनस्ताप झाला, पत्रे लिहूनही दाद लागली नाही आणि शेवटी ग्राहकाने त्या कंपनीच्या नावाचेच डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, घेऊन तेथे आपली कैफियत मांडली, तर ते डोमेन त्याच्याकडून काढून घेण्यासाठी कंपनी बहुधा न्यायालयात जात नाही. ती यूडीआरपीखाली, म्हणजे डोमेनांचे वाद सोडवण्याच्या एकसमान धोरणाखाली, तक्रार दाखल करते. इंटरनेटवरील नावांची व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेने १९९९ मध्ये मंजूर केलेली ही लवादाची व्यवस्था .कॉम, .नेट, .ऑर्ग आणि नंतर आलेल्या सर्वसाधारण डोमेनांना लागू आहे, आणि डोमेन नोंदवणाऱ्या प्रत्येकाने नोंदणीच्या करारावर होकार देतानाच ती मान्य केलेली असते, मग तो करार त्याने वाचलेला असो वा नसो. ही सेवा चालवणाऱ्या मान्यताप्राप्त संस्था काही मोजक्याच आहेत, आणि त्यांत जिनिव्हातील जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचे, म्हणजे वायपोचे, लवाद व मध्यस्थी केंद्र सर्वांत ठळक आहे. अमेरिकेतील फोरम, चेक लवाद न्यायालय आणि आशियाई केंद्र हीदेखील हेच काम करतात. एकट्या वायपोकडे २०२३ या वर्षात सहा हजारांहून अधिक तक्रारी आल्या. त्यांतील बहुसंख्य तक्रारी बनावट दुकाने, फसवे ईमेल आणि नावे अडवून बसलेले दलाल यांच्याविरुद्ध असतात; टीका करणाऱ्या ग्राहकांविरुद्धच्या तक्रारी त्या मानाने मूठभर आहेत. प्रस्तुत परीक्षण त्या मूठभरांपुरते आहे, कारण उघड चोरी पकडण्यात या सेवेचा कस लागत नाही.

आधी दर आणि वेळापत्रक पाहू. वायपोकडे १ ते ५ डोमेनांसाठी, निकाल देणारे पॅनेल एका सदस्याचे हवे असेल तर १,५०० डॉलर आणि तीन सदस्यांचे हवे असेल तर ४,००० डॉलर शुल्क पडते. ते तक्रारदार भरतो. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला उत्तर देण्यासाठी काहीही भरावे लागत नाही; मात्र तक्रारदाराने एकच सदस्य मागितला असताना त्याला तिघे हवे असतील, तर निम्मे शुल्क, म्हणजे २,००० डॉलर, त्याने उचलायचे असतात. तक्रार अधिकृतपणे सुरू झाली की उत्तरासाठी २० दिवस मिळतात, मागितल्यास आणखी ४ दिवस वाढवून मिळतात आणि पॅनेल नेमले गेल्यावर १४ दिवसांत निकाल अपेक्षित असतो. सुनावणी जवळपास कधीच होत नाही. साक्षीदार नाहीत, उलटतपासणी नाही. दोन्ही बाजूंची लेखी निवेदने आणि जोडलेले पुरावे यांवरच सारे ठरते. पॅनेलला अधिकारही दोनच आहेत: डोमेन तक्रारदाराच्या नावे करणे किंवा ते रद्द करणे. नुकसानभरपाई नाही, दंड नाही, मजकूर काढून टाकण्याचा हुकूम नाही. डोमेन गेले तरी तोच मजकूर दुसऱ्या नावाखाली जसाच्या तसा ठेवायला यूडीआरपीची आडकाठी नसते, ही गोष्ट नोटीस हाती पडलेल्या माणसाला कोणी सांगत नाही, आणि ती आधी कळली तर त्याची निम्मी झोप परत येईल.

कारभाराच्या पातळीवर वायपोचे केंद्र चोख आहे. सगळा व्यवहार ईमेलने चालतो, तक्रारीतील त्रुटी मुदत घालून दुरुस्त करवून घेतल्या जातात, उत्तराचा नमुना संकेतस्थळावर तयार मिळतो, आणि वकील न लावता सामान्य माणसाला तो भरता येतो. निकाल कारणांसह प्रसिद्ध होतात आणि शोधता येतात. इतकी उघड लवादव्यवस्था दुसरीकडे क्वचितच सापडेल. त्याहून उपयोगी म्हणजे केंद्राने संकलित केलेला पॅनेलांच्या मतांचा आढावा, ज्याची तिसरी आवृत्ती २०१७ मध्ये आली. त्यातील टीकास्थळांविषयीचा भाग जेमतेम काही परिच्छेदांचा आहे, आणि कंपनीच्या नावाचे डोमेन घ्यायचे मनात असलेल्या प्रत्येकाने पैसे भरण्यापूर्वी तो वाचावा, असे मी आग्रहाने म्हणेन.

पण ग्राहकाच्या हाती पहिल्यांदा जे पडते ते हे सारे नसते. त्याला येते एक भलेमोठे ईमेल, सोबत जोडलेली तक्रार, ट्रेडमार्कच्या दाखल्यांच्या प्रती, त्याच्याच संकेतस्थळाची छायाचित्रे, आणि तक्रारीच्या मजकुरात त्याच्या नावाला चिकटलेला 'दुर्हेतू' हा शब्द. शिवाय त्या वेळेपर्यंत त्याचे डोमेन रजिस्ट्रारने, म्हणजे ते नोंदवून देणाऱ्या कंपनीने, गोठवलेले असते. संकेतस्थळ चालू राहते, पण नाव दुसऱ्याला देता येत नाही किंवा दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवता येत नाही. हा गोठवण्याचा नियम मला रास्त वाटतो. एरवी नोटीस येताच नावे हातोहात फिरवली जातील.

जो भाग रास्त वाटत नाही तो गोपनीयतेचा. अनेक ग्राहक, आणि विशेषतः कंपनीत पूर्वी नोकरी केलेली माणसे, आपले नाव झाकणारी सेवा घेऊन डोमेन नोंदवतात. तक्रार दाखल झाली की केंद्र रजिस्ट्रारकडे विचारणा करते, रजिस्ट्रार खऱ्या नोंदणीदाराचे नाव आणि पत्ता कळवतो, आणि केंद्र ती माहिती तक्रारदाराला पाठवून तक्रारीत दुरुस्ती करण्याची संधी देते. पॅनेलची नेमणूक याच्या कितीतरी नंतर होते. म्हणजे तक्रारीत दम आहे की नाही हे कोणीही तपासण्यापूर्वी टीकाकाराचे नाव कंपनीच्या हाती गेलेले असते. त्यानंतर कंपनीने तक्रार मागे घेतली तरी कळलेले नाव परत विसरता येत नाही, आणि वायपोच्या नियमांप्रमाणे पॅनेल नेमण्यापूर्वी प्रकरण आटोपले तर एकसदस्यीय शुल्कातील १,००० डॉलर तक्रारदाराला परतही मिळतात. उरलेल्या ५०० डॉलरमध्ये निनावी टीकाकाराचे नाव कळले, असा हा हिशेब होतो. असा डाव कोणी ठरवून खेळतो असे मी म्हणत नाही; पण दार उघडे आहे, आणि न्यायालयात हेच नाव उघड करवून घ्यायचे तर अनेक देशांत न्यायाधीशाला आधी काहीतरी पटवून द्यावे लागते. शिवाय निकाल लागलाच तर तो पक्षकारांच्या नावांसह प्रसिद्ध होतो. नाव झाकण्याची विनंती पॅनेल मान्य करू शकते, पण तो अपवाद आहे.

आता सेवेच्या गाभ्याकडे, म्हणजे निकालांच्या दर्जाकडे वळू. तक्रारदाराला तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: डोमेन त्याच्या ट्रेडमार्कशी तंतोतंत जुळते किंवा गोंधळ होईल इतके सारखे आहे, नोंदणीदाराला त्या नावात कोणताही हक्क किंवा वैध हितसंबंध नाही, आणि नाव दुर्हेतूने नोंदवले गेले असून दुर्हेतूनेच वापरले जात आहे. तिन्ही एकत्र हवीत. दुसऱ्या मुद्द्यावरचा बचाव धोरणातच लिहून ठेवलेला आहे: नफा कमावण्यासाठी ग्राहकांची दिशाभूल करण्याचा किंवा चिन्ह मलिन करण्याचा इरादा नसलेला, बिगरव्यापारी किंवा न्याय्य वापर. 'मलिन करणे' या शब्दांवर बोट ठेवून कंपन्यांचे वकील हमखास सांगतात की टीकेने चिन्ह मलिन झालेच. तसे ते नाही. धोरण तयार होत असताना आयकॅनच्या कर्मचाऱ्यांनी ऑक्टोबर १९९९ मध्ये जो अहवाल दिला, त्यात हा शब्द व्यापारी लाभाच्या इराद्याने केलेल्या कृत्यांपुरता असल्याचे स्पष्ट केले होते. खरीखुरी टीका, कितीही झोंबणारी असली, तरी या अर्थाने मळ ठरत नाही.

यामुळे वाद मजकुरावर न होता नावावर होतो, आणि ग्राहकाला हे पटवून घेणे सर्वांत जड जाते. एका परिचितांच्या उत्तराचा मसुदा पाहताना मला असे आढळले की पहिली कित्येक पाने त्यांनी पावत्या, दुरुस्तीच्या तारखा आणि न आलेल्या परताव्याच्या हकिकतीने भरली होती. स्वतःच्या डोमेनच्या नावाविषयी मात्र एक ओळही नव्हती. कंपनी वाईट वागली की नाही हे पॅनेलला ठरवायचे नसते. त्याला विचारायचे असते ते एवढेच की हे नाव पाहून येणाऱ्याला आपण खुद्द कंपनीच्या दारात उभे आहोत असे वाटेल का. हकिकतीचा उपयोग आहे, पण टीका खरी आहे आणि बहाणा नाही एवढे दाखवण्यापुरताच.

कंपनीच्या चिन्हाशी हुबेहूब जुळणारे नाव घेऊन त्यावर प्रामाणिक टीका केली तर काय, या प्रश्नावर पॅनेले वर्षानुवर्षे दोन तट करून होती. एक मत असे की टीका करण्याचा हक्क म्हणजे दुसऱ्याच्या नावाने वावरण्याचा हक्क नव्हे. आत कितीही ठळक खुलासा असला तरी माणूस दारातून आत आलेलाच असतो. दुसरे मत, मुख्यतः दोन्ही पक्ष अमेरिकी असताना दिसणारे, असे की वापर बिगरव्यापारी आणि टीका खरी असेल तर नाव हुबेहूब असण्याने फरक पडत नाही. दुसऱ्या मताचे जुने उदाहरण २००० सालचे आहे: ब्रिजस्टोन फायरस्टोनच्या एका माजी कर्मचाऱ्याने कंपनीच्या नावाला .नेट जोडून टीकास्थळ उघडले होते, आणि पॅनेलने कंपनीची तक्रार फेटाळली. वायपोचा २०१७ चा आढावा मात्र पहिल्या मताकडे झुकलेला आहे आणि अमेरिकी प्रकरणांचा उल्लेख त्यात अपवादासारखा येतो. माझा कलही, थोड्या नाखुशीने का होईना, पहिल्या मताकडेच आहे. कंपनीच्या नेमक्या नावावर बसलेला टीकाकार त्या नावाने चुकून आलेली पत्रेही मिळवू शकतो, आणि एवढी मुभा मागण्याची टीकेला गरज नसते.

नावाला निंदेचा शब्द जोडला की चित्र बदलते, निदान बदलायला हवे. इंग्रजीत 'सक्स' हा शब्द कंपनीच्या नावामागे लावून 'अमुक कंपनी भिकार आहे' अशा अर्थाची डोमेने घेण्याची लाट व्यवस्था सुरू होताच उसळली, आणि सुरुवातीच्या निकालांत एकवाक्यतेचा पत्ता नव्हता. वॉलमार्टचे उदाहरण मासलेवाईक आहे. जुलै २००० मध्ये वॉलमार्ट, कॅनडा आणि सक्स हे तीन शब्द जोडून केलेले डोमेन, त्याच्या इतर भावंडांसह, पॅनेलने कंपनीला देऊन टाकले. नोंदणीदाराला टीकेपेक्षा पैशांत रस आहे असे पॅनेलने धरले. त्याच व्यक्तीने मग वॉलमार्टच्या स्पेलिंगमध्ये एक 'एल' वाढवून तसलेच नवे डोमेन घेतले आणि तेथे खरोखर टीका मांडली. कंपनीने पुन्हा तक्रार केली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या पॅनेलने ती फेटाळली. कंपनी तीच, माणूस तोच, शब्दही जवळपास तेच. फरक वापरात होता हे खरे. पण दोन पॅनेलांच्या भूमिकेतही होता हे दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचले की लपत नाही. त्यानंतर २००१ मध्ये लॉकहीड मार्टिनची तशीच तक्रार फेटाळली गेली, तर विवेंडी युनिव्हर्सलच्या प्रकरणात बहुमताने कंपनीला डोमेन मिळाले, आणि तेथील एक कारण असे होते की जगभरातील इंग्रजी नीट न येणाऱ्या लोकांना तो निंदेचा शब्द कळणारच नाही. इंग्रजी ज्यांची पहिली भाषा नाही अशा वाचकांनी या कारणावर हसावे की चिडावे ते ठरवावे. माझ्या मते ते कारण तेव्हाही तकलादू होते: शब्द न कळणारा माणूस संकेतस्थळावर पोहोचून पहिली दोन वाक्ये वाचताच कंपनीचे अधिकृत पान आणि शिव्यांची लाखोली यांतला फरक ओळखतो.

आजची स्थिती अधिक स्थिर आहे. निंदेचा शब्द असलेले डोमेन पहिल्या मुद्द्यावर 'सारखे' धरले जाते, म्हणजे तक्रार ऐकली जाते. पण दुसऱ्या मुद्द्यावर, वापर सकृद्दर्शनी बिगरव्यापारी आणि टीका खरी असेल तर पॅनेले साधारणपणे टीकाकाराच्या बाजूने उभी राहतात. संकेतस्थळ सर्व्हरवर ठेवण्याचा खर्च निघण्यापुरत्या किरकोळ उत्पन्नाकडे काही पॅनेले कानाडोळाही करतात. यावर विसंबून मात्र कोणी जाहिराती लावू नयेत.

व्यापार आत शिरला की काय होते याचा धडा .कॉमच्या जागी येणाऱ्या .सक्स या स्वतंत्र डोमेनशेपटीने दिला आहे. २०१५ मध्ये ती बाजारात आली तेव्हा ट्रेडमार्कच्या मालकांसाठीच्या आरंभीच्या काळात तिचा वार्षिक दर सुमारे २,५०० डॉलर ठेवला गेला, आणि हे खंडणीसारखे असल्याची ओरड इतकी झाली की आयकॅनने अमेरिकी आणि कॅनडियन अधिकाऱ्यांना पत्र लिहून त्याची कायदेशीरता तपासण्यास सांगितले. पुढे काही वर्षांनी एकाच मालकाच्या नावावर असलेल्या असंख्य .सक्स नावांविरुद्ध तक्रारी आल्या. त्या पानांवरचा मजकूर इतर ठिकाणांहून आपोआप उचललेला होता आणि नावे विक्रीला असल्याच्या खुणा होत्या. वाक्स्वातंत्र्याचा बचाव मांडला गेला, काही पॅनेलांनी तो गांभीर्याने तपासलाही, पण सनोफी या औषधकंपनीच्या प्रकरणासह अनेक निकाल कंपन्यांच्या बाजूने गेले. ते मला योग्य वाटतात. पोकळ टीकेला आश्रय दिला की खऱ्या टीकाकाराकडेही संशयानेच पाहिले जाते.

या सेवेविषयीची माझी सर्वांत मोठी हरकत तिच्या बांधणीलाच आहे. कोणत्या संस्थेकडे जायचे हे तक्रारदार ठरवतो, शुल्क तो भरतो, आणि एकसदस्यीय पॅनेल असेल तर सदस्य ती संस्था नेमते. गिऱ्हाईक कोण आहे हे वेगळे सांगायला नको. ऑटावा विद्यापीठातील कायद्याचे प्राध्यापक मायकेल गाइस्ट यांनी २००१ मध्ये सुरुवातीच्या निकालांचा अभ्यास केला तेव्हा एकसदस्यीय पॅनेलपुढे तक्रारदार सुमारे ८३ टक्के वेळा, तर त्रिसदस्यीय पॅनेलपुढे सुमारे ६० टक्के वेळा जिंकतात असे त्यांना आढळले. तक्रारदारांना तुलनेने कमी यश देणारी ई-रिझोल्यूशन ही कॅनडातील संस्था त्याच वर्षी या व्यवसायातून बाहेर पडली. या आकड्यांचा अर्थ लावताना जपून राहावे लागते, कारण उत्तरच न आलेली प्रकरणे एकसदस्यीय पॅनेलकडे जास्त जातात आणि ती तक्रारदाराने जिंकणे स्वाभाविक असते. पॅनेलवरचे सदस्य विकले गेले आहेत असे मी म्हणत नाही. मी वाचलेल्या निकालांतील बहुतेक काळजीपूर्वक लिहिलेले आहेत. पण जो माणूस आपल्या १,५०० डॉलरनी मैदान निवडतो त्याच्या बाजूला उतार थोडा असणारच.

त्यात नाहक तक्रारींना आळा घालणारे असे काही नाही. टीकाकाराला केवळ छळण्यासाठी तक्रार केली असे पॅनेलला वाटले तर ते 'उलट डोमेन बळकावणे' असा शेरा मारू शकते. शेऱ्यापलीकडे काही नाही: एक डॉलरही भरावा लागत नाही, टीकाकाराने खर्च केलेले दिवस आणि पैसे बुडीत. एखाद्या लहान कंपनीला असा शेरा लाजिरवाणा वाटेलही. मोठ्या कंपनीचा विधी विभाग तो फाईलला लावून पुढे जातो.

पर्याय म्हणून न्यायालयाकडे पाहिले तर ग्राहकाचे चित्र विलक्षण उजळ दिसते, निदान अमेरिकेत. मिशिगनमधील एका घरमालकिणीने अंगणातला खोलगट भाग भरून घेण्यासाठी एका बागकाम कंपनीला काम दिले, ते तिला मुळीच पटले नाही, आणि तिने कंपनीच्या नावाचेच .कॉम डोमेन घेऊन आपला अनुभव लिहिला. कंपनीचे पत्र येताच तिने मजकूर काढला. मग कंपनीचा ट्रेडमार्क नोंदलेलाच नाही असे कळल्यावर पुन्हा चढवला. सहाव्या सर्किटच्या, म्हणजे त्या विभागाच्या, संघीय अपील न्यायालयाने २००४ मध्ये तिच्या बाजूने निकाल दिला, कारण डोमेन विकून पैसे उकळण्याचा तिचा इरादा नव्हता. इतर ग्राहकांना सावध करणे एवढाच हेतू होता. त्याच न्यायालयाने २००३ मध्ये टेक्सासमधील एका मॉलच्या चाहत्याचे प्रकरण हाताळले होते. या गृहस्थाने मॉल उभा राहत असताना कौतुकाने संकेतस्थळ काढले, त्यावर नकाशा दिला, अधिकृत संकेतस्थळाचा दुवा दिला, आपला कंपनीशी संबंध नसल्याचा खुलासा दिला, आणि कोपऱ्यात मैत्रिणीच्या शर्टविक्रीचा एक दुवा टाकला. कंपनीने दावा लावल्यावर चाहत्याचा टीकाकार झाला: त्याने कंपनीच्या नावाला 'सक्स' जोडून डोमेन घेतले आणि वकिलांशी झालेला पत्रव्यवहार तेथे मांडला. खालच्या न्यायालयाने दोन्ही संकेतस्थळांविरुद्ध दिलेले मनाई हुकूम अपील न्यायालयाने उठवले. शर्टांचा तो दुवा आधीच काढलेला होता हे त्याच्या पथ्यावर पडले.

यूडीआरपीत हरलेला टीकाकार न्यायालयात जिंकू शकतो याचे गाजलेले उदाहरण धर्मोपदेशक जेरी फॉलवेल यांचे आहे. त्यांच्या आडनावात एक 'एल' जास्त घालून एकाने त्यांच्या मतांवर टीका करणारे .कॉम संकेतस्थळ १९९९ मध्ये सुरू केले. २००३ मध्ये पॅनेलने डोमेन फॉलवेल यांना द्यायला सांगितले, पुढे खालच्या न्यायालयातही तेच झाले, आणि २००५ मध्ये चौथ्या सर्किटच्या अपील न्यायालयाने ते सगळे उलटवले: संकेतस्थळ पाहून कोणी ते फॉलवेल यांचे समजेल अशी शक्यता नाही, आणि पहिल्या क्षणीच्या गोंधळाचा, म्हणजे नाव पाहून माणूस आधीच फसलेला असतो असा, युक्तिवाद बिगरव्यापारी टीकेला लागू पडत नाही. फ्रान्समध्येही असेच घडले. दानोन कंपनीने २००१ मध्ये बिस्किटांचे कारखाने बंद करण्याचे जाहीर केल्यावर 'मी दानोनवर बहिष्कार घालतो' अशा अर्थाचे फ्रेंच डोमेन निघाले. कंपनीच्या दाव्यावर पॅरिसच्या अपील न्यायालयाने २००३ मध्ये टीका करण्याचे स्वातंत्र्य उचलून धरले. अर्थात ही दारे ठोठावायला वकील लागतो आणि वर्षे लागतात, आणि अमेरिकेत १९९९ च्या सायबरस्क्वॉटिंगविरोधी, म्हणजे डोमेन बळकावण्याविरुद्धच्या, कायद्याखाली हरलात तर प्रत्येक डोमेनमागे १,००० ते १,००,००० डॉलर भरपाईची टांगती तलवार असते. यूडीआरपीत हरलेल्याचे फक्त डोमेन जाते.

ब्रिटनच्या .यूके नावांची नोंद सांभाळणाऱ्या नॉमिनेट या संस्थेची जी स्वतंत्र सेवा आहे ती मला दोन बाबतींत सरस वाटते. तेथे उत्तर आलेल्या प्रकरणांत आधी विनामूल्य मध्यस्थी होते, आणि निकालावर अपील करता येते. शिवाय केवळ टीकेसाठी चालवलेले संकेतस्थळ न्याय्य वापर ठरू शकते हे तिच्या धोरणात शब्दांत लिहिलेले आहे. यूडीआरपीत अपीलच नाही. एकाच प्रश्नावर पॅनेले परस्परविरोधी बोलत राहण्याचे मूळ तेथे आहे, आणि वायपोचा आढावा कितीही उत्तम असला तरी तो कोणावर बंधनकारक नाही.

ज्यांना ही सेवा वापरावी लागणार आहे, म्हणजे खरे तर जिच्या कचाट्यात सापडायचे आहे, त्यांच्यासाठी माझे मत असे. ट्रेडमार्कच्या मालकासाठी, समोर भुरटा असेल तर, पाचपैकी साडेचार तारे. टीका करणाऱ्या ग्राहकासाठी अडीच, आणि त्यातला अर्धा केवळ उत्तर द्यायला पैसे पडत नाहीत म्हणून. डोमेन निवडताना निंदा, तक्रार किंवा बहिष्काराचा शब्द नावातच असू द्यावा. पानावर एकही जाहिरात नको, देणगीची पेटीही शक्यतो नको, प्रतिस्पर्ध्याचा दुवा तर नकोच. कंपनीने डोमेन विकत मागितले तर किंमत सांगू नये, 'किती घ्याल?' असे विचारणारे सौजन्यपूर्ण ईमेल पुढे तक्रारीचे परिशिष्ट बनून येते. नोटीस आली तर २० दिवस वाया घालवू नयेत, कारण उत्तर न देणारा आपोआप हरत नसला तरी त्याच्या बाजूचे काहीच पॅनेलपुढे नसते. २,००० डॉलर उभे करता येत असतील आणि नाव खरोखर मोलाचे असेल तर तीन सदस्य मागावेत.

निकाल विरुद्ध गेला तर रजिस्ट्रार अंमलबजावणीपूर्वी १० कामकाजी दिवस थांबतो. तेवढ्यात दावा दाखल करून त्याचा पुरावा रजिस्ट्रारला दिला की हस्तांतरण थांबते. दावा कोठे दाखल करायचा याची निवड मात्र तक्रारदाराने आधीच केलेली असते, आणि ती एकतर टीकाकाराच्या पत्त्याची किंवा रजिस्ट्रारच्या मुख्य कार्यालयाची जागा असते. म्हणून रजिस्ट्रार निवडताना दराबरोबरच त्याचे कार्यालय कोणत्या देशात आहे हेही पाहून घ्यावे.